०.१ बार

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी गेली सतरा वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर खोलतो, त्यांची सील बदलतो आणि परत जोडतो. प्रेसचे सिलिंडर असतात, खोदाईच्या मशिनांचे असतात, गळिताचा हंगाम जवळ आला की उसाच्या ट्रॉल्यांचे असतात. जोडून झाला की टेस्ट बेंचवर चढवायचा, २०० बार (बार हे दाबाचं एकक) दाब द्यायचा, खाली कोरडा पुठ्ठा सरकवायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. पुठ्ठ्यावर डाग नसेल तरच सिलिंडर गिऱ्हाइकाच्या ताब्यात.

घरी माझ्याकडे माशांची तीन फुटी टाकी आहे. ३६ इंच लांब, १५ रुंद, १८ उंच. सहा एंजल आणि तळाला कोरीडोरास. खालच्या कपाटात कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा, पाईपांनी जोडलेला बंद डब्याचा फिल्टर. टाकीतल्या पाण्याच्या वरच्या पातळीपासून फिल्टरच्या झाकणापर्यंत साधारण एक मीटर अंतर. एक मीटर उंच पाण्याचा दाब ०.१ बार. बेंचवरच्या दाबाचा दोन हजारावा भाग. दोन वर्षांपूर्वी नागपंचमीच्या आदल्या रात्री तेवढ्या दाबाने माझ्या घरातून खालच्या मागावर पाणी उतरलं.

आम्ही वडगावात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक अज्जांचे दोन पॉवरलूम. अज्जांची भाषा कन्नड, आमची मराठी, आणि जिन्यात उभं राहून जे बोलणं होतं ते दोन्ही मिळून. त्या पहाटे साडेपाचला त्यांनी खालून हाक मारली, "तम्मा, म्यालिंद नीर सोराकत्तैति!" वरून पाणी गळतंय. बाहेर पाऊस ओतत होता. जुलैभर राकसकोप धरण भरलं, भरलं अशाच बातम्या होत्या. मला वाटलं गच्चीचं पाणी असेल. गच्ची बघायला निघालो तर हॉलमधल्या फरशीवरच पाय चपकन वाजला.

टाकीतलं पाणी अडीच इंच उतरलं होतं. या मापाच्या टाकीत एक इंच म्हणजे जवळजवळ ९ लिटर, म्हणजे २२ लिटर गेलं. कपाटातून फरशीवर, फरशीवरून भिंतीच्या कडेला, तिथून वायरिंगच्या पाईपच्या भोकातून खाली. आणि खाली बरोबर त्या जागी माग. ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, पाणी पडून काठाचा लाल रंग अंगाच्या पांढऱ्यात उतरला होता. मागाच्या मोटारीचा स्टार्टर भिंतीवर त्याच ओळीत, जेमतेम दोन फुटांवर. त्याच्यावर पडलं असतं तर, हा विचार मला आजही नको वाटतो. अज्जा आवाज चढवून एक शब्द बोलले नाहीत. मेन स्विच बंद केला, खुर्ची ओढली आणि ताणा सोडवायला बसले. दुपारी माझी बहीण निपाणीहून पंचमीला आली तेव्हा मी खाली त्यांच्याबरोबर रंगलेला भाग कापत होतो. सुताचे पैसे देऊ केले तर त्यांनी तेवढेच घेतले, दोन दिवसांच्या मजुरीचे घेतले नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते कारण सापडल्यावर.

आदल्या संध्याकाळी मी फिल्टर साफ केला होता. पाहुणे येणार म्हणून घाईत. झाकणाची ओरिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबराची गोल रिंग, पुसायला कामाच्या पिशवीतला कॉटन वेस्टचा, म्हणजे टाकाऊ सुती धाग्यांचा, बोळा घेतला. सील बसवताना कॉटन वेस्टला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. आमचे जुने फोरमन सील हातात घ्यायच्या आधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावत आणि बेंचवरचा वेस्ट उचलून बाजूला फेकत. वेस्टचे धागे सुटतात. एक धागा ओरिंगखाली राहिला की रिंग तेवढ्या जागी उचलली जाते, शिवाय धागाच वातीसारखं काम करून पाणी बाहेर ओढतो. सकाळी झाकण उघडलं तर खोबणीत इंचभर लांबीची, दोन-तीन धाग्यांची गुंतवळ दाबून चपटी झालेली सापडली. कारखान्यात हा नियम मी मोडत नाही. घरी मोडला, कारण घरचा फिल्टर हे मी मनातून यंत्र धरलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट कळायला मात्र आठवडा गेला. झोपायच्या आधी मी कपाटात हात घालून बघितलं होतं, सगळं कोरडं होतं. मग पाणी आलं कधी? बायको म्हणाली, "अहो, दोनला लाईट गेली होती की. पंखा थांबला म्हणून मला जाग आली. पाचला आली परत." रविवारी मी फिल्टर धुण्याच्या टबात ठेवून, तोच धागा परत त्याच जागी घालून चालवून बघितला. मोटर चालू असताना थेंब नाही. मोटर बंद केली आणि थोड्या वेळात झाकणाच्या कडेला पाणी जमायला लागलं.

त्याचं असं आहे. बहुतेक कॅनिस्टरमध्ये पंप झाकणात, म्हणजे मीडियाच्या (पाणी गाळणाऱ्या भरावाच्या) पुढे असतो. तो डब्यातलं पाणी ओढून वर टाकीत ढकलतो. म्हणजे चालू असताना डबा पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो आणि आतला दाब थोडा कमी होतो. इनलेटच्या, म्हणजे टाकीतून पाणी आणणाऱ्या पाईपच्या, जाळीवर पानं, शेवाळ अडकलेलं असेल तर आणखी कमी होतो. माझी जाळी त्या दिवशी तशीच होती, घाईत मी ती काढलीच नव्हती. लाईट गेली, ओढ संपली आणि डब्यावर पुरा एक मीटरचा दाब आला. जी फट मोटर झाकत होती ती उघडी पडली. आउटलेटच्या बाजूला याच्या उलट. तिथले सांधे पंपाच्या पुढे असतात, त्यांच्यावर मोटर चालू असताना दाब वाढतो. म्हणून आता मी झाकणाचा सांधा मोटर बंद ठेवून तपासतो आणि आउटलेटचा कॉक व पाईप मोटर चालू करून. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते-येते ती काही सांगून नाही. चालू फिल्टर कोरडा दिसला म्हणून निर्धास्त झोपणं मी सोडलं.

आता ओरिंगविषयी, कारण गळतीची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या दोस्तांच्या फिल्टरमध्ये मला बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

रिंग खोबणीतून दर वेळी बाहेर काढा. टोकदार पिन, स्क्रू ड्रायव्हर लावू नका. दोन्ही हातांच्या बोटांनी एका जागी रिंग चिमटून सरकवली की फुगवटा वर येतो, तिथून उचला. मग ती बोटांतून संपूर्ण फिरवा, डोळे मिटून. वाळूचा कण, गोगलगाईच्या शंखाचा तुकडा, बारीक चीर, डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला लागतं. त्यानंतर तिचा छेद बघा. नवी रिंग गोल असते. वर्षानुवर्षं दाबून राहिलेली एका बाजूने चपटी होते आणि बाहेर काढली तरी परत गोल होत नाही. अशी रिंग ग्रीसने बरी होत नाही, बदलावीच लागते. फिल्टर काही महिने वापरात नसेल तर क्लिपा उघड्या ठेवून द्या, म्हणजे रिंग उगाच दबून राहत नाही.

खोबणी मऊ टूथब्रशने साफ करायची. ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी आहे त्यांच्या खोबणीत पांढरा थर बसतो. तो ब्रशने जात नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ ठेवून, मग भरपूर पाण्याने धुवायचं. हाच पांढरा थर बाहेरून, क्लिपेजवळ किंवा कॉकच्या बुडाशी दिसला तर तो थर म्हणून खरवडून विसरू नका. तिथून पाणी येतंय आणि थेंब पडायच्या आत वाळतंय, एवढाच त्याचा अर्थ. फरशी कोरडी असते आणि गळती महिनाभर आधीच सुरू झालेली असते.

ग्रीस सिलिकॉनचंच. व्हॅसलीन घरात असतं म्हणून लावतात, पण ते पेट्रोलियमचं आहे. नायट्रिल रबराची रिंग ते सहन करते, पण ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर त्याने फुगतं, सैल पडतं. आपल्या फिल्टरची रिंग कोणत्या रबराची आहे हे डब्यावर क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून व्हॅसलीन नकोच. रिंग स्वतःच सिलिकॉन रबराची असेल तर तिच्यात सिलिकॉनचं तेल मुरतं, तिला नुसती टाकीच्या पाण्याने ओली करून बसवावी. ग्रीस किती? रिंग चकाकली पाहिजे, पण बोट फिरवल्यावर बोटावर गोळा येता कामा नये. जास्त ग्रीसला केर चिकटतो आणि तोच केर पुढच्या वेळी रिंगेखाली जातो. बसवताना रिंगेला पीळ पडू देऊ नका. पीळ पडलेली रिंग एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी बारीक बसते.

पुसायला काय वापरावं हे मी वेगळं सांगायला नको. मी आता धुवून धुवून मऊ झालेल्या जुन्या पंच्याचा, कडा शिवलेला तुकडा वापरतो. तो फिल्टरच्याच डब्यात ठेवलाय, कामाच्या पिशवीत जात नाही.

यानंतर झाकण. क्लिपांच्या जोरावर झाकण खाली ओढायचं, हे मी पुष्कळांना करताना बघितलंय. क्लिपेचं काम बसलेलं झाकण धरून ठेवणं. बसवायचं दोन्ही तळव्यांनी, चारही बाजूंनी सारखं दाबून. मग समोरासमोरच्या दोन क्लिपा एकदम, मग उरलेल्या दोन. एखादी क्लिप अडली तर जोर लावू नका, परत उघडा. नव्वद टक्के वेळा आत बास्केट तिरकी बसलेली असते किंवा सिरॅमिक रिंगा काठोकाठ भरलेल्या असतात, आणि झाकण त्या बास्केटवर टेकलेलं असतं, डब्यावर नाही. आणि पाण्याने भरलेला डबा क्लिपांना किंवा पाईपला धरून कधीही उचलू नका. मी खालून दोन्ही हात घालतो.

एवढं सगळं आवळून-जोडून झालं की आपल्याला मोटर चालू करायची घाई होते. मी तिथेच थांबायला शिकलो. कॉकचा जोड बसवायचा, आधी इनलेट उघडायचा, मग आउटलेट. पाणी आपोआप खाली येतं, हवा गुडगुड करत वर जाते. डबा बाहेरून कोरडा पुसायचा आणि झाकणाच्या सांध्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळायची. मोटर बंद, आणि घड्याळात पंधरा मिनिटं. टिश्यू ओला झाला की लगेच दिसतो, कुठल्या बाजूने तेही दिसतं. मग मोटर चालू करून आउटलेटच्या कॉकला तीच पट्टी. कॉकच्या जोडातसुद्धा छोट्या ओरिंग असतात, करंगळीच्या नखाएवढ्या. त्यांना बहुतेक लोक वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. वाळलेल्या जोडाची मूठ जबरदस्तीने फिरवली की रिंग तुटते नाहीतर मूठ. त्यांनाही ग्रीसचा एक हात द्या. आणि जोड सोडवायच्या आधी दोन्ही कॉक बंद आहेत ना, हे दोनदा बघा.

पाईपबद्दल थोडक्यात. पारदर्शक पाईप काळाने कडक होतो आणि टोकाशी सैल पडतो. टोकाचा इंचभर कापून टाकायचा, नवीन टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवायचं आणि मग चढवायचं. खडेबाजारातून अर्ध्या इंची लेव्हल पाईप आणून १२ मिलिमीटरच्या तोटीवर चढवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ती फट क्लिप आवळून भरायला गेलं तर प्लॅस्टिकची तोटी तडकते.

मीडिया धुताना टाकीतून काढलेलं पाणी वापरा. राकसकोपचं असो की हिडकलचं, नळाला येतं ते क्लोरीन घातलेलं पाणी, आणि आपण पोसलेले जिवाणू त्यात मरतात. गळतीशी याचा संबंध नाही, पण धुण्याचा विषय निघाला म्हणून सांगितलं. लाईट चार-पाच तास गेली असेल तर फिल्टर परत चालू करण्याआधी बंद डब्यातलं जुनं पाणी ओतून टाकावं, कारण तेवढ्या वेळात आतला ऑक्सिजन जिवाणूंनी संपवलेला असतो.

इतकं करूनही माणूस चुकतो. मी चुकलोच. म्हणून चूक झाली तरी पाणी खाली जाऊ नये, याचीही तजवीज केली. इनलेटच्या पाईपला नेहमीच्या पातळीखाली दोन इंचांवर ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की पाईपात हवा शिरते आणि सायफन तुटतो. इनलेटची जाळी तळाशी असते, हे भोक नसेल तर गळणारा फिल्टर जवळजवळ अख्खी टाकी रिकामी करू शकतो. माझ्या मापाच्या टाकीत ते सव्वाशे लिटरच्या वर गेलं असतं. दोन इंचांत जातं १८ लिटर. फिल्टर ज्या टबात ठेवलाय तो २५ लिटरचा आहे, हे माप मी बाजारात टब बघताना डोक्यात ठेवूनच गेलो होतो. भोकात शेवाळ धरतं, दर साफसफाईला टूथपिकने मोकळं करावं लागतं. सायफन तुटल्यावर मोटर कोरडी फिरून बिघडू शकते, ते मला चालेल. हीटर मात्र मी खाली, आडवा लावलाय, म्हणजे पाणी उतरलं तरी तो उघडा पडत नाही. जानेवारीत बेळगावच्या थंडीत एंजलना हीटर लागतोच. आउटलेटचा स्प्रेबार पाण्याच्या पातळीलगत ठेवलाय, त्या बाजूने उलटा सायफन लागला तरी लगेच हवा मिळते.

टबाच्या तळाला जुना पेपर अंथरलेला असतो. रोज सकाळी माशांना खायला टाकताना माझी लेक कपाट उघडून पेपरवर हात फिरवते. ती नऊ वर्षांची आहे आणि हे काम तिने स्वतः मागून घेतलं. फिल्टरची वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर प्लगकडे जाते, पाणी वायरवरून ओघळलं तरी झोळाशी टपकतं, प्लगपर्यंत पोचत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाईट तोडणारा स्विच, बसवला. त्याचे पैसे मी दिले. वायरिंगचं भोक मात्र सिमेंटने बुजवायला अज्जा स्वतःच शिडी घेऊन आले. मी म्हटलं, मी करतो. ते म्हणाले, तू वरून बघ, मी खालून बघतो.

साफसफाई आता दर चौथ्या रविवारी सकाळी, उजेडात. संध्याकाळी नाही आणि पाहुणे यायच्या दिवशी तर नाहीच. सुरू करायच्या आधी मी जिन्यातून खाली हाक मारतो. अज्जा दोन्ही मागांवर प्लॅस्टिकचा कागद टाकतात आणि दारातल्या कट्ट्यावर बसतात. काल चौथा रविवार होता. झाकण बसलं, क्लिपा लागल्या, टिश्यूची पट्टी गुंडाळली आणि मी कपाटासमोर मांडी घालून बसलो. पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात खालून आवाज आला, "आतेन, तम्मा?" झालं का?

"इन्नू हत्त मिनिट, अज्जा." अजून दहा मिनिटं.